शुगर किती आली?

आमच्या गावात शुगर झालेल्या माणसाला कुणी कशी आहेस असं विचारत नाही, डायरेक्ट शुगर किती आली ते विचारतात. डेअरीवर दूध घालायला गेलं की तिथं, पिठाच्या गिरणीत, लग्नात अक्षता टाकून मांडवातून बाहेर पडताना, कुठंही. आकडा सांगितला की समोरच्याचं तोंड बघायचं. दीडशेच्या आत असेल तर "बरं हाय की मग", आणि दोनशेच्या वर गेला असेल तर लगेच "काय खाल्लंस?" म्हणजे दोनशे वीस आली याचा अर्थ मी काहीतरी खाल्लेलंच आहे, हे आधीच ठरलेलं. रात्री झोप नव्हती, पोराला ताप होता, दोन दिवस गोळी संपली होती, असलं काही कुणी धरतच नाही. आणि गंमत म्हणजे हे विचारणाऱ्या निम्म्या बायकांनी स्वतःची शुगर आयुष्यात कधी तपासलेली नसते.

मी सांगली जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यात राहते, घरी ब्लाऊज-ड्रेस शिवते. मला शुगर होऊन काही वर्षं झाली. आधी गोळ्या होत्या, मागच्या वर्षापासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. या आजारावर काय खायचं काय नाही हे सांगणारे मेसेज व्हॉट्सॲपवर रोज फिरतात, ते मी इथं लिहिणार नाहीये. मला डोक्याला जो त्रास होतो त्याबद्दल लिहायचंय, कारण त्यावर गावात कुणी बोलत नाही आणि माझ्याकडं माप द्यायला येणाऱ्या बायका मात्र हळू आवाजात तेवढंच बोलतात.

सुरुवात होते ती बीपी-शुगर तपासायच्या सरकारी कॅम्पपासून. ग्रामपंचायतीसमोर किंवा आरोग्य उपकेंद्राच्या व्हरांड्यात टेबल लावतात, तीस वर्षांवरच्या सगळ्यांना आशाताई घरोघरी सांगून आणतात, त्यांचा तो फॉर्म भरतात, कमरेचं माप, तंबाखू खाता का, आईवडलांना बीपी-शुगर होती का वगैरे. ही योजना चांगलीच आहे, त्यात वाद नाही, आमच्या गावातल्या कितीतरी लोकांना तिथंच पहिल्यांदा कळलं. पण बोटाला टोचलं की आकडा मोठ्यानं सांगायचा, कारण दुसरी बाई तिकडं रजिस्टर घेऊन बसलेली असते. "दोनशे ऐंशी!" रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. मी त्या दिवशी घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. संध्याकाळी शेजारच्या काकू कारल्याचा रस घेऊन हजर, दुसऱ्या दिवशी कुणी जांभळाच्या बियांची पावडर दिली, कुणी मेथ्या भिजवून खा म्हणालं, आणि एका दादांनी ते इन्सुलिनचं झाड म्हणतात त्याची फांदीच आणून दिली, रोज एक पान चावून खायचं. माणसं वाईट नाहीत हो, प्रेमापोटीच करतात. पण मला त्या रात्री खरं तर कुणीतरी नुसतं शेजारी बसायला पाहिजे होतं, आणि घरात सहा जण असूनही मी मागं न्हाणीत जाऊन रडले.

दुसरं म्हणजे, "तुला कशी काय झाली गं?" हा प्रश्न. मी काटकुळी आहे. गावात अजून असंच समजतात की शुगर ही शहरातल्या, गादीवर बसून खाणाऱ्या जाड्या माणसांची. शेतात राबणाऱ्याला होत नाही. झालीच तर मग हिनं लपून काहीतरी खाल्लं असणार, किंवा मागच्या जन्मीचं काहीतरी. हे ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं होतं की आपणच काहीतरी केलंय. मग एकदा रात्री मशीनवर बसल्या बसल्या मोबाईलवर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम वाचनात आलं. त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. आपल्या खेड्यातलं बाळ सरासरी २.७ किलोचं आणि इंग्लंडमधलं साडेतीन किलोचं, म्हणजे आपलं बाळ दिसायला लुकडं, पण त्याच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानानं राखून ठेवलेली. त्या बायका सकाळपासून रात्रीपर्यंत शेतात नि घरात राबायच्या आणि पोटभर, चौरस असं खायला नसायचं, आणि बाळाच्या शरीराची घडण पोटात असतानाच अशी होऊन बसते, त्यामुळं पुढं बारीक दिसणाऱ्या माणसालाही शुगर होऊ शकते. याज्ञिकांचा आणि जॉन युडकिन नावाच्या इंग्लंडच्या डॉक्टरांचा एक फोटोपण आहे शेजारी शेजारी उभे राहून काढलेला, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३, पण अंगातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के.

हे वाचून माझी शुगर काही कमी झाली नाही. पण माझी आई मी पोटात असताना नवव्या महिन्यापर्यंत दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची, ते आठवलं आणि मनातलं एक ओझं उतरलं. यात ना माझी चूक, ना तिची.

आणि शहराचा आजार म्हणावं तर आयसीएमआरचा, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, २०२३ साली छापून आलेला अभ्यास आहे, देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह, शहरात १६.४ टक्के आणि खेड्यात ८.९ टक्के. म्हणजे खेड्यातल्या शंभर मोठ्या माणसांत जवळजवळ नऊ. आमच्या गावच्या देवळात एका सप्ताहाच्या पंगतीला बसलेल्या लोकांत किती होतील करा हिशोब. आणि उंबरठ्यावर उभे असलेले, म्हणजे अजून झाली नाही पण होऊ शकते असे, ते शहरात आणि खेड्यात जवळजवळ सारखेच निघाले. तरीपण पंगतीत मी बुंदी नको म्हटलं की वाढणारा पोरगा थांबतो, आणि अख्खी पंगत माझ्याकडं बघते.

चहाचं तर विचारूच नका. आमच्याकडं कुणाच्या घरी गेलं आणि चहा नको म्हटलं तर ते अपमान समजतात. बिनसाखरेचा चालेल म्हणावं तर त्या घरच्या बाईला वेगळं पातेलं ठेवावं लागतं, मग "आमच्या चहानं काय हुतंय गं एकदा" असं होतं. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला एका संध्याकाळी आठ-दहा घरं असतात. आणि हे सगळं साखर कारखान्याच्या भागात, जिथं दिवाळीला सभासदांना कमी भावात साखर मिळते आणि ती पोत्यानं घरात येऊन पडते. आमच्या मालकांचा शेअर आहे, त्यामुळं ज्या पिकावर आमचं घर चालतं, पोरांची फी भरली जाते, माझं इन्सुलिन येतं, ते पीक साखरेचंच. यावर हसावं का रडावं मला अजून कळलेलं नाही.

आता इन्सुलिन सुरू झाल्यानंतरची गोष्ट सांगते, कारण सगळ्यात जास्त टेन्शन मला त्याचंच आहे. माझं इन्सुलिन असं आहे की घेतल्यावर अर्ध्या तासात जेवायलाच लागतं. डॉक्टर सांगतात, पण घरातल्या सुनेला वेळेवर जेवायला मिळतं का हे काही त्यांच्या कागदावर नसतं. आमच्यात आधी पुरुष माणसं, मग पोरं, मग सासूबाई, मग आपण. हे कुणी मला सक्तीनं करायला लावत नाही, आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, चांगल्या आहेत, पण ते तसंच असतं घरात, चुलीपुढं उभी असलेली बाई मधनंच ताट घेऊन बसत नाही.

तर धाकट्या दिराच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे यायचे होते. अकराला येतो म्हणाले, मी त्या अंदाजानं सगळं आवरलं. मग फोन आला की आम्हाला उशीर होईल, म्हणून म्हटलं आधी इंजेक्शन घेऊ आणि पटकन भाकरी खाऊन घेऊ. इंजेक्शन घेतलं आणि तेवढ्यात दारात गाडी. मग काय, पाणी द्या, पोहे द्या, चहा ठेवा, नमस्कार करा, बायकांना आत बसवा, त्यात कुणाला तरी साडी दाखवायची होती. मला घाम फुटला तेव्हा वाटलं गॅसजवळ आहे म्हणून. मग हात थरथरायला लागले, कप बशीवर वाजायला लागला, डोळ्यापुढं सगळं पांढरं पांढरं. शुगर सत्तरच्या खाली गेली की असं होतं, आणि तेव्हा बाकी काही विचार करायचा नसतो, तीन-चार चमचे साखर पोटात घालायची आणि पंधरा मिनिटं बसायचं. मी डबा उघडला आणि चमचा शोधायचं पण सुचेना, मुठीनंच साखर तोंडात टाकली.

आणि नेमकी पाहुण्यातली एक बाई पाणी मागायला आत आली. तिनं बघितलं. बाहेर जाऊन हसत हसत सांगितलं, "सूनबाईला शुगर हाय म्हनत हुता न्हवं, ती तर मुठीनं साखर खातीया चोरून." सगळे हसले. आत्यापण हसल्या, पाहुण्यांपुढं काय करणार. मी ओट्याला टेकून खाली बसलेले होते आणि मला ऐकू येत होतं सगळं, फक्त तोंडातून शब्द फुटत नव्हता.

त्यानंतर कितीतरी दिवस घरात तो जोक चालू होता, साखरेचा डबा वर ठेवा रे, वहिनी येतीया. दिरांना मी नंतर समजावून सांगितलं, त्यांना खरंच वाईट वाटलं. पण ती बाई जिथं जिथं गेली तिथं सांगून आली, आणि अजून कुणी कुणी मला विचारतं की तू गोड खातीस म्हणं लपून. आता कुणाकुणाला समजावत बसायचं की ज्या साखरेनं आजार वाढतो तीच त्या वेळी औषध असते. मी बसत नाही.

पण त्या दिवसानं माझ्यात एक बदल झाला जो मला फार उशिरा कळला. मी शुगर जरा वरच ठेवायला लागले. म्हणजे मुद्दाम ठरवून नाही, पण पाहुणे येणार असले की इंजेक्शन जरा कमी घे, शेतात जायचं असलं की आधीच अर्धी भाकरी जादा खा, एकटीनं एसटीनं जायचं असलं की त्या वेळचं चुकव. खाली जाण्याची भीती इतकी बसली की वर गेलेली चालेल. आणि मग तालुक्याला रिपोर्ट केला की साडेनऊ.

हा रिपोर्ट म्हणजे एचबीएवनसी. मागच्या तीन महिन्यांचा सगळा हिशोब त्यात येतो, साधारण सातच्या आत असावा म्हणतात. बऱ्याच बायका तपासणीच्या आधी चार दिवस भात सोडतात, चहा सोडतात, आणि उपाशीपोटीची शुगर बरी आली की खूश. या रिपोर्टपुढं ते चालत नाही. म्हणून त्याची धास्ती दहावीच्या निकालासारखी असते, फक्त दहावी एकदाच देऊन सुटका होते आणि ही दर तीन महिन्यांनी. त्या दिवशी पहाटेची गाडी पकडायची, उपाशी जायचं, लॅबमध्ये रक्त द्यायचं, मग जेवून दोन तासांनी परत द्यायचं, तर ते जेवायचं कुठं, एसटी स्टँडवर डबा उघडून. मग डॉक्टरांकडं नंबर. आत गेलं की दोन मिनिटं. एका डॉक्टरांनी कागद बघितला आणि मान वर न करताच म्हणाले, "पथ्य पाळायचं नसेल तर येता कशाला, पाय कापायची वेळ आली की या." मालक बाहेर बसले होते, त्यांना मी सांगितलंच नाही डॉक्टर काय म्हणाले ते. पुढची तारीख मी चुकवली. आणि त्याच्या पुढचीपण.

मला वाटायचं ही फक्त माझीच तऱ्हा. पण मशीनजवळ बसणाऱ्या बायकांत निम्म्या तरी अशा निघाल्या की रिपोर्ट काढलाच नाही, कारण ओरडतात. एकीनं तर रिपोर्ट काढून तांदळाच्या डब्यात घालून ठेवला होता, घरात कुणाला दाखवला नाही आणि डॉक्टरांनाही नाही. साठीची बाई. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार हिला काळजीच नाही, निष्काळजी आहे. तिच्याइतकी काळजी करणारी बाई मी बघितली नाही, तिला रात्र रात्र झोप नव्हती.

याला डॉक्टरी भाषेत डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात. अमेरिकेत विल्यम पोलॉन्स्की आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी १९९५ साली वीस प्रश्नांची एक यादी तयार केली, आजारामुळं मनाला काय काय जड जातं ते मोजायला. भविष्यात काय होईल याची भीती, खाण्यावरून अपराधी वाटणं, शुगर खाली जायची काळजी, घरचे समजून घेत नाहीत असं वाटणं, डॉक्टरांविषयी नाराजी, रोज रोज हे करून दमून जाणं. मी ती वाचली आणि वाटलं ही माणसं आमच्या गल्लीत कधी येऊन गेली. हे वेड लागणं नाही आणि डिप्रेशनपण नाही, आजार सांभाळता सांभाळता येणारा शीण आहे हा. डिप्रेशन वेगळं, ते मधुमेह असलेल्यांत इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळतं असं अभ्यास सांगतात, आणि त्याला वेगळे उपचार लागतात. वर परत टेन्शन आलं की शरीरात जे हार्मोन सुटतात त्यानं लिव्हर रक्तात साखर सोडतं, म्हणजे ओरडून घाबरवून शुगर खाली येत नाही, उलट वर जायची शक्यता जास्त. हे जर मला कळतंय तर कागद बघून अंगावर येणाऱ्यांना का कळत नसावं, मला खरंच प्रश्न पडतो. त्यांच्यामागं पेशंटची रांग असते हे मान्य. पण ओरडायलाही तेवढाच वेळ लागतो की.

घाबरवणारे गावातही कमी नाहीत. आमच्या खालच्या आळीत एका अण्णांचा पाय गुडघ्याखाली काढला. रानात अनवाणी, पायात काटा मोडला, पायाला बधिरपणा होता म्हणून कळलंच नाही, जखम चिघळत गेली. आता गावात कुणालाही शुगर निघाली की लोक त्यांचंच उदाहरण देतात, आणि तेही त्यांच्या दारावरून जाताना. त्या माणसाला काय वाटत असेल. आणि ज्याला सांगताय त्याला पाय रोज रात्री बघायचा असतो, तळवा दिसत नसेल तर आरसा धरायचा, कोमट पाणी हातानं बघून मग पाय घालायचा, रानात बूट घालायचे, असलं कामाचं एक वाक्य सांगा ना, नुसतं "पाय जाईल बघ" सांगून काय मिळतं. मालकांची पाण्याची पाळी रात्री असते कारण शेतीची लाईट कधी दिवसा कधी रात्री, मी कधी कधी सोबत जाते, अंधारात चिखलात बूट घालून गेले की आजूबाजूचे हसतात. हसू देत.

पैशाचंपण टेन्शन असतं आणि बायकांच्यात ते जास्त असतं. गोळ्या, इन्सुलिन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, जेव्हा असतं तेव्हा. नसलं की मेडिकलमधून. घरी शुगर तपासायच्या मशीनची एक पट्टी वीस-पंचवीस रुपयाला पडते, त्यामुळं रोज तपासा म्हणणं सोपं आहे. एचबीएवनसी म्हणजे माझे दोन-तीन साधे ब्लाऊज. मी कमावते तरी मला हा खर्च स्वतःवर करताना चोरी केल्यासारखं वाटतं, तर ज्यांना प्रत्येक वेळी नवऱ्याकडं हात पसरावा लागतो त्यांचं काय. बैलाला डॉक्टर लगेच बोलावतात, असं एक काकू म्हणाल्या माझ्याकडं, आणि हसल्या. उन्हाळ्यात लाईट गेली की फ्रीजमधल्या इन्सुलिनच्या बाटलीची काळजी, तेव्हा मी ती डबीत घालून ओल्या वाळूच्या माठात ठेवते, ते चालतं, फक्त पाण्यात बुडवायची नाही आणि बर्फाला चिकटवायची नाही.

शिवणकामामुळं एक गोष्ट मला इतरांच्या आधी दिसते. एखादी बाई येते आणि म्हणते ब्लाऊज सैल होतोय, आत घेऊन दे. दोन महिन्यांनी परत तेच. मी विचारते, तहान लागते का जास्त, रात्री उठावं लागतं का. बऱ्याच जणी आधी चिडतात. मग मी माझं सांगते, सुईत दोरा ओवताना कसं धुरकट दिसायला लागलं होतं, चष्म्याचा नंबर वाढला म्हणून दोनदा चष्मा बदलला आणि ती शुगर निघाली. मग त्या जातात तपासायला. पण कॅम्पला नाही, लांबच्या लॅबमध्ये, जिथं ओळखीचं कुणी नसतं तिथं. गावात लोक आजार लपवतात त्याचं कारण अडाणीपणा नाहीये.

सगळ्यात अवघड मला गेलं ते एका पोरीचं. कॉलेजला जाणारी, लहानपणापासून टाईप वन. म्हणजे जिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते बाहेरून घेतल्याशिवाय जगणंच नाही, टोरांटोत १९२१ ला इन्सुलिन सापडायच्या आधी अशी मुलं वाचतच नसत. तिची आई तिला घेऊन ड्रेसचं माप द्यायला आली आणि दार लावून घेतलं. म्हणाली, ताई, कुर्त्याला आतून खिसा पाहिजे, बाहेरून दिसता कामा नये. इन्सुलिनचं पेन आणि दोन चॉकलेट मावतील एवढा. स्थळं बघायला सुरू केली होती आणि कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या एका पाहुण्यानं तर कुठल्या तरी बाबाकडं नेलं होतं, तो म्हणाला इंजेक्शन बंद करा, माझं औषध चालू करा. नशीब पोरगी हुशार, तिनं ऐकलं नाही, नाहीतर दोन-चार दिवसांत जिवावर बेतलं असतं. टाईप वनला इन्सुलिन बंद करायला सांगणारा कुणीही असो, त्याच्या दारात परत जाऊ नये, एवढं मी स्पष्ट लिहिते.

आई माप लिहून देत होती आणि पोरगी खिडकीतून बाहेर बघत होती. मी विचारलं तुला पाहिजे का गं खिसा आतून. ती म्हणाली, "मला बाहेरूनच पाहिजे, रोज कुर्ता वर करून कुठं काढू." आई रडायला लागली. मी दोन ड्रेस शिवले, एकाला आतून आणि एकाला बाहेरून. कुठला घालते मला माहीत नाही. आईचा राग येतो ऐकताना, पण तिची भीती खोटी नाहीये, लग्न मोडलेली उदाहरणं आम्ही सगळ्यांनी बघितलीत. मी तिला एवढंच म्हटलं की लपवून दिलेल्या घरात ती इंजेक्शन कुठं बसून घेणार, संडासात?

माझ्यापुरतं सांगायचं तर थोडं बरं चाललंय आता, आणि त्याचं कारण फार मोठं काही नाही. आमच्या उपकेंद्रात नवीन आलेल्या मॅडम आहेत, त्यांनी एकदा वही बाजूला ठेवून विचारलं, दिवसातला कुठला वेळ सगळ्यात अवघड जातो? मी ती पाहुण्यांची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितली अख्खी. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या ताट वाढून समोर आल्याशिवाय सुई टोचायचीच नाही असं करता येईल का ते मोठ्या डॉक्टरांना विचारू, आणि विचारलं, आणि माझं इन्सुलिन बदलून मिळालं जे जेवायला बसतानाच घेता येतं. आत्यांनाही त्यांनी बोलावून घेतलं आणि शुगर खाली जाणं म्हणजे काय ते समजावलं. आता आत्या स्वतः देवापुढच्या कोनाड्यात साखरेची वाटी ठेवतात, आणि मी जरा गप्प बसले तरी "खाल्लंस का काय" म्हणून मागं लागतात, म्हणजे त्याचा पण आता थोडा ताप होतोयच.

आणि मॅडमनीच टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलायच्या सेवेचा, नंबर दिला होता, १४४१६, सरकारी आहे, २०२२ ला सुरू झाला, मराठीत बोलतात आणि पैसे लागत नाहीत. तो मी त्या तांदळाच्या डब्यात रिपोर्ट ठेवणाऱ्या मावशींना दिला. त्यांनी फोन केला तो गोठ्यातून, म्हशीची धार काढायच्या वेळेला, कारण घरात त्यांना एकटं असं बसायला जागाच नाही. बराच वेळ बोलल्या म्हणे. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. पण त्यानंतर रिपोर्ट घेऊन माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या वाच.

आम्ही चौघी-पाच जणी आता चालायला जातो. यातपण भानगड अशी की गावात बाई नुसती चालत निघाली की प्रत्येक दारातून "कुठं निघालीस गं?" काम नसताना बाईनं रस्त्यानं चालायचं म्हणजे लोकांना पचतच नाही. म्हणून सुरुवातीला हातात रिकामी दुधाची किटली घ्यायचो, मग दत्ताच्या देवळाचं निमित्त काढलं, आता कुणी विचारत नाही फारसं. चालताना आकड्यावर बोलायचं नाही असं ठरवलंय. नवऱ्यांवर बोलतो, सुनांवर बोलतो, मालिकांवर बोलतो, आणि मधनंच कुणीतरी म्हणतं काल मी दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, तर बाकीच्या विचारतात तूप होतं का.

आता अडचण अशी आलीय की गाळप हंगाम सुरू झाला, पहाटेपासून उसाच्या डबल ट्रॉल्या रस्त्यानं, कडेला सरकायलाही जागा नाही, परवा एकीच्या साडीला ट्रॉलीतल्या उसाचं वाढं अडकून फाटायचीच राहिली. म्हणून शाळेचं मैदान मिळतंय का बघतोय. हेडसर हो म्हणालेत, पण गेटची किल्ली शिपाईमामांकडं असते आणि ते साडेसहाशिवाय येत नाहीत, आणि साडेसहाला आमच्या घरी चुली पेटलेल्या असतात. संध्याकाळी बघू म्हटलं तर पोरं क्रिकेट खेळतात. एकीचा नातू त्यांचा कॅप्टन आहे, त्याच्याशी बोलणी चालू आहेत.